शुगर, पायाची जखम आणि ऑक्सिजन चेंबर: कोकणातल्या घरांसाठी मार्गदर्शक

आईची जखम आम्हाला आधी जमिनीवर दिसली. ती न्हाणीतून बाहेर आली, ओली पावलं कोब्यावर उमटली आणि बघता बघता वाळली. डाव्या अंगठ्याखालचा एक ठसा मात्र वाळला नाही. तिथे पिवळसर, चिकट डाग राहिला. चार दिवसांपूर्वी ती आचऱ्याच्या खाडीत कालवं काढायला गेली होती, तेव्हा शिंपल्याची धार लागली होती. "माका कायच दुखणा नाय," ती म्हणाली. ते खरंच होतं, आणि घाबरण्यासारखं तेच होतं.

त्यानंतर तीन आठवडे जवळच्या एका दवाखान्यात ड्रेसिंग झालं, गोळ्या झाल्या. पण पावलाची नाडी कुणी बोट ठेवून पाहिली नाही. शेवटी मुंबई गाठली. तिथे आधी रक्तवाहिनी मोकळी केली, मग ऑक्सिजन चेंबरची ३० सत्रं झाली. या धावपळीत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. ज्यांच्या घरात शुगर आहे आणि ज्यांनी 'हायपरबॅरिक' (म्हणजे बंद चेंबरमध्ये दाब वाढवून प्राणवायू देण्याचा उपचार) हा शब्द पहिल्यांदाच ऐकलाय, त्यांच्यासाठी हे आहे.

पायरी १: पाय आतून का बिघडतो ते समजून घ्या

रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. वाहिनी कधी सैल करायची, कधी आवळायची हे ते अस्तर ठरवतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की ते बिघडतं. भिंती जाड होतात, त्यात चरबी आणि कॅल्शियम साठतं. मधुमेहात हा अडथळा बहुतेक वेळा गुडघ्याखालच्या बारीक धमन्यांमध्ये असतो, त्यामुळे मांडीत रक्त व्यवस्थित आणि पावलात तुटपुंजं अशी स्थिती होते.

दुसरीकडे मज्जातंतू बधिर होतात. काटा रुतला, चप्पल चावली, तापलेल्या कातळावर पाय भाजला, तरी कळत नाही. जखम भरायला शाबूत कातडीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू लागतो. पेशींनी नवं मांस विणायला तो हवा, पांढऱ्या पेशींनी जंतू मारायला तो हवा. गरज वाढलेली आणि वाट अरुंद, म्हणून जखम महिनोन्महिने तशीच राहते.

आपल्या शेजारच्या गोव्यात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. आपला किनारा तोच, जेवणखाणही बरंचसं तेच. हे दुखणं परक्याचं आहे असं समजून चालणार नाही.

पायरी २: चेंबरचा विचार करण्याआधी पावलात रक्त पोचतंय का ते बघा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

चेंबर रक्तात प्राणवायू भरतो. तो जखमेपर्यंत न्यायचं काम रक्ताचंच. वाटच बंद असेल तर भरलेला प्राणवायू वरच्यावर राहतो. म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारा: पावलावरची आणि घोट्यामागची नाडी लागते का? नीट लागत नसेल किंवा शंका असेल तर पुढच्या तपासण्या येतात.

एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब. ०.९ पेक्षा कमी आला तर पायात अडथळा आहे असं समजतात. पण शुगरवाल्यांच्या धमन्या कॅल्शियमने कडक झाल्या की पट्टा त्यांना दाबू शकत नाही, आणि आकडा फसवा, १.३ च्याही वर येतो. आईचा असाच आला होता आणि आम्ही खूश झालो होतो. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजला तेव्हा खरं कळलं. त्यामुळे एबीआय चांगला आला म्हणून थांबू नका. अंगठ्याचा दाब आणि कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, यांबद्दल स्पष्ट विचारा.

आणखी एक तपासणी थेट आपल्या विषयाची आहे. कातडीला छोटं यंत्र चिकटवून तिथे किती प्राणवायू पोचतो ते मोजतात, तिला टीसीपीओटू म्हणतात. आकडा ३० च्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा कमी. काही केंद्रांत रुग्णाला चेंबरमध्ये नेऊन हाच आकडा पुन्हा घेतात. तो २०० च्या वर उडी मारत असेल तर उपचाराचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. आकडा हललाच नाही तर पुढची ३० सत्रं आणि त्यांचा खर्च यांचा विचार तिथेच करायला हवा.

अडथळा सापडला तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनकडे. अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य असेल तर पहिला मान त्याचा. आईची गुडघ्याखालची एक धमनी फुग्याने मोकळी केली, आणि दुसऱ्या दिवशी पाऊल हाताला कोमट लागलं. कित्येक महिन्यांनी.

जखम हाडापर्यंत गेली आहे का हे बघायला एक्स-रे, कधी एमआरआय लागतो. आणि पुढचं काही दिसलं तर कुठल्याही पायरीची वाट न बघता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा: ताप आणि थंडी, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, घाण वास, काळं पडलेलं बोट, अचानक थंडगार आणि पांढरा पडलेला पाय, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर आवाज. रात्री गाडी मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.

पायरी ३: चेंबर म्हणजे नक्की काय

कोविडनंतर आपल्याकडे घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला. त्यावर आईचं ९८ दिसायचं. मामा विचारायचे, "अठ्ठ्याण्णव आहे, मग आणखी ऑक्सिजन कशाला?" प्रश्न रास्त होता. ऑक्सिमीटर रक्तातलं हिमोग्लोबिन किती भरलंय ते सांगतो, आणि ते जवळजवळ भरलेलंच असतं. पण रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मामध्ये, स्वतंत्रपणे विरघळलेला प्राणवायू फारच थोडा असतो, १०० मिलिलिटरला सुमारे ०.३ मिलिलिटर. सोड्याच्या बाटलीत दाबाने गॅस विरघळवतात तसं इथे करतात. दाब वाढवायचा आणि त्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू श्वासातून द्यायचा. दाब नेहमीच्या हवेच्या तिप्पट केला तर हाच आकडा ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. १९६० साली ॲमस्टरडॅमच्या इटे बोरेमा या सर्जनने, रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरं अशा दाबाखाली जिवंत ठेवून दाखवली होती. विरघळलेल्या प्राणवायूची ताकद त्यातून कळते.

मधुमेही पायासाठी दाब सहसा २ ते २.५ पट ठेवतात. मालवणच्या लोकांना हे सोपं जाईल. २.४ पट दाब म्हणजे समुद्रात साधारण १४ मीटर खोल बुडी. पाणबुड्यांना वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे झाले तर त्यांच्यावरही अशाच चेंबरमध्ये उपचार होतात. म्हणूनच नौदलाच्या वैद्यकशास्त्राचं आणि या उपचाराचं जुनं नातं आहे.

एवढ्या प्राणवायूने जखमेच्या कडेला नव्या केशवाहिन्या फुटायला चालना मिळते, सूज ओसरते, जखम सांधणारं कोलॅजन तयार होतं, पांढऱ्या पेशींना बळ येतं. पण 'चेंबरने ब्लॉकेज साफ होतात, सगळ्या रक्तवाहिन्या नव्या होतात' अशी जाहिरात दिसली तर त्या दारात पाऊल टाकू नका. धमनीत साठलेला थर याने विरघळत नाही.

घरचं कॉन्सन्ट्रेटर मशीन किंवा सिलिंडरला नळी लावून घेतलेला ऑक्सिजन हा वेगळा उपचार. त्यात दाब नाही. फुग्यासारखे मऊ कापडी चेंबरही मिळतात. त्यांत दाब जेमतेम १.३ पट होतो. पायाच्या जखमेसाठी तो हा उपचार नव्हे.

पायरी ४: आपल्या माणसाला याचा उपयोग होईल का

सरसकट नाही. स्वीडनमध्ये ९४ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने चेंबर घेतलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांची जखम पूर्ण भरली होती, नुसत्या दाबाखालच्या हवेत बसवलेल्यांत २९ टक्के. २०१८ साली नेदरलँड्सच्या १२० रुग्णांच्या अभ्यासात मात्र ठळक फायदा दिसला नाही. तिथे बऱ्याच जणांना ठरलेली सत्रं पूर्णही करता आली नव्हती, कारण हे रुग्ण मुळातच थकलेले असतात. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२३ साली म्हटलं ते असं: रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेला नेहमीचे उपचार पुरले नाहीत आणि सोय उपलब्ध असेल, तर जोड म्हणून याचा विचार करावा. जोड म्हणून, हे शब्द लक्षात ठेवा.

अमेरिकेतल्या सरकारी विमायोजनेची अट आपल्यालाही मोजपट्टी म्हणून चालते: जखम खोल, म्हणजे गळू किंवा हाडापर्यंत पोचलेला संसर्ग, आणि ३० दिवस नीट उपचार करूनही सुधारणा नाही. वरवरच्या, नव्या, भरत असलेल्या जखमेसाठी चेंबरच्या मागे लागू नका.

आणि हिशेब करा. आठवड्याला ५ दिवस, एकूण २० ते ४० सत्रं. म्हणजे गावाकडच्या माणसाला महिना ते दोन महिने मुंबई-पुण्यात राहणं आलं. आम्ही तुतारी एक्स्प्रेसने कणकवलीहून दादरला उतरलो आणि मावशीकडे डोंबिवलीत राहिलो. लोकलची गर्दी, जिने, पायावर भार. पहिल्या आठवड्यातच कळलं की रोजचा हा प्रवास जखमेला घातक आहे, आणि चेंबरजवळ खोली घेतली. सत्राच्या फीपेक्षा राहण्याचा, रिक्षाचा आणि बुडालेल्या कामाचा खर्च आधी वहीत मांडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. कुठली शस्त्रक्रिया, कुठला उपचार योजनेत बसतो ते भरती होण्याआधी त्यांच्याकडून लिहून घ्या.

पायरी ५: केंद्र निवडताना आणि पहिल्या सत्राआधी

केंद्रात गेल्यावर विचारा: दाब किती पट ठेवता? सत्र चालू असताना डॉक्टर इमारतीत असतात का? किती सत्रांनंतर जखम मोजून पुढचं ठरवता? तिसऱ्या प्रश्नाला "४० घ्यावीच लागतील" असं ठोक उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

छातीचा एक्स-रे, हृदयाची तपासणी, कानाची तपासणी आधी व्हायला हवी. फुफ्फुसाभोवती हवा भरलेली असेल, म्हणजे न्युमोथोरॅक्स असेल, तर त्यावर इलाज होईपर्यंत चेंबर पूर्ण बंद. जुना दमा, विडीमुळे खराब झालेली फुफ्फुसं, कमजोर हृदय, फिट येण्याचा इतिहास, कॅन्सरची काही औषधं, यांतलं काहीही लपवू नका. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. सर्दी किंवा ताप असेल त्या दिवशी सत्र नको.

पायरी ६: चेंबरमधला दिवस

शुद्ध प्राणवायूत ठिणगीसुद्धा भडकते. म्हणून सुती कपडे. पॉलिस्टरची साडी, नायलॉनचा परकर चालत नाही. मोबाइल, घड्याळ, लायटर, कानाचं मशीन बाहेर. बाम, अत्तर, पावडर, क्रीम नाही, आणि आपल्या बायकांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट म्हणजे केसांना तेल नाही. आईने साठ वर्षांत एक दिवस खोबरेल सोडलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टरने तिचे केस हुंगून तिला परत पाठवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी मावशीने शिकेकाईने दोनदा केस धुतले. मंगळसूत्रही काढावं लागतं. ते तिने माझ्या मुठीत दिलं आणि बाहेर येईपर्यंत मूठ उघडू नको म्हणाली. ज्येष्ठ माणसांना हे सगळं आदल्या दिवशी शांतपणे सांगून ठेवा.

एका माणसाचा चेंबर म्हणजे पारदर्शक नळी, आत आडवं झोपायचं. मोठा चेंबर म्हणजे खोलीच, तिथे चार-सहा जण बसून मास्कमधून प्राणवायू घेतात. दाब चढताना आत उकडतं आणि कानात दडे बसतात. घाट उतरताना बसतात तसेच, पण जास्त. आवंढा गिळायचा, जांभई द्यायची, किंवा नाक चिमटीत धरून तोंड मिटून हळूच फुंकायचं. कान दुखला तर सहन करायचं नाही, लगेच खूण करायची. या उपचारात सगळ्यात जास्त होणारी इजा कानाच्या पडद्याचीच. पूर्ण दाबाखाली साधारण ९० मिनिटं, त्यात मधे मधे साध्या हवेची सुट्टी. दाब उतरताना गारठा वाटतो.

शुगरवाल्यांसाठी खास काळजी: चेंबरमध्ये साखर खाली येते. उपाशी जाऊ नका. सत्राआधी साखर तपासतात, आणि १०० ते १२० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला लावतात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डोस आणि जेवणाची वेळ डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी. आत घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर तेही खुणेने सांगायचं. खुणा आधी ठरवून ठेवा.

दोन-तीन आठवड्यांनी लांबचं धूसर दिसू लागतं. काहींना चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येतं आणि डोळे सुधारले असं वाटतं. हा बदल तात्पुरता असतो, उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ते पूर्ववत होतं. तोवर नवा चष्मा करू नका. प्राणवायूच्या अतिरेकाने फिट येणं फार दुर्मीळ, पण होऊ शकतं, आणि म्हणूनच मधल्या सुट्ट्या.

पायरी ७: उरलेले २२ तास

चेंबरमध्ये दोन तास जातात. जखम भरते की नाही हे बाकीच्या वेळेवर जास्त अवलंबून आहे. जखमेवरचा भार काढणं सगळ्यात आधी: प्लास्टरसारखं कास्ट किंवा डॉक्टरांनी दिलेला खास बूट, आणि घरात चार पावलं चालायची तरी तो घालूनच. मेलेलं मांस वेळोवेळी सर्जनने काढायला हवं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत.

विडी, सिगारेट, तंबाखू बंद. आणि मिश्रीसुद्धा. आपल्याकडे कितीतरी आया-आज्या "मी तंबाखू खात नाही" म्हणतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. त्यातलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. दोन तास प्राणवायू घ्यायचा आणि बाहेर येऊन वाहिन्या आवळायच्या, यात पैसा आणि पाय दोन्ही जातात. डॉक्टर विचारत नाहीत म्हणून तुम्ही सांगा.

जखमेवर हळद, चुना, झाडपाला, रॉकेल काही नको. गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नका, बधिर पाय भाजतो आणि कळत नाही.

दर आठवड्याला त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं. नाही आलं तर फोटो घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि काय चुकतंय ते विचारा.

पायरी ८: गावी परतल्यावर

भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडते असे १०० मागे सुमारे ४० रुग्ण असतात. म्हणून परतल्यावर काम थांबत नाही.

एमसीआर नावाच्या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल घरात वेगळी, बाहेर वेगळी. अंगणात, गोठ्यात, न्हाणीतही पाय उघडा नको. चैत्र-वैशाखात कातळाचा सडा तापलेला असतो, देवळाच्या फरशीवरही पाय भाजतो, तिथे जाड सुती मोजे घालून जा. देव रागावत नाही. पावसाळ्यात लावणीच्या चिखलात उतरणं शुगरवाल्याने सोडावं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तर त्या भेगेतूनच संसर्ग शिरतो, म्हणून पाय धुतल्यावर प्रत्येक बेचकं जुन्या मऊ सुती कापडाने टिपायचं. खोबरेल तळव्याला आणि टाचेला चालेल, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापायची. पायाला झालेलं कुरूप घरी ब्लेडने कापायचं नाही.

आईची जखम पाचव्या महिन्यात भरली. खाडीत ती आता जात नाही, शेजारची वहिनी कालवं आणून देते. न्हाणीच्या दाराशी कमरेच्या उंचीवर मी एक खिळा ठोकलाय आणि त्याला बाबांचा दाढीचा आरसा टांगलाय. संध्याकाळी दिवा लावला की आई पायरीवर बसते, आरसा पावलाखाली धरते, आधी उजवा, मग डावा. तिला नीट दिसत नाही, म्हणून शाळेतून आलेली माझी मुलगी शेजारी बसून वाचून दाखवावं तसं सांगते: अंगठा ठीक, बेचकं कोरडं, टाचेला एक भेग, काल होती तेवढीच.